प्राग, क्राकोव, बुडापेस्ट : लेक आणि सासूबाई सोबत असताना ऑश्वित्झला जावं का?

डोंबिवलीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात अकरा दिवसांची सहल, प्राग, क्राकोव आणि बुडापेस्ट. सोबत नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या, गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. ताईंना पोलंडमधली नाझींची मृत्युछावणी ऑश्वित्झ बघायचीच आहे. नवरा म्हणतो, सुट्टीत कशाला ते. मुलीला अ‍ॅन फ्रँक शाळेमुळे माहीत आहे, त्यामुळे ती ‘मी पण येणार’ म्हणून हटून बसली आहे. सासूबाई काहीच म्हणालेल्या नाहीत. तर जावं का, कोणी जावं, ऑश्वित्झ की प्रागजवळचं तेरेझिन (नाझींनी ज्यूंना कोंडलेलं गाव), आणि तिथे वागायचं कसं?

ताई, मी गेली सोळा वर्षं मध्य युरोपात मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन जाते. हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. तुम्ही तो ‘कुठे जावं’ असा विचारला आहे, पण मला तुमची खरी अडचण दुसरीकडे दिसते. घरातल्या चौघांची सोसायची ताकद चार तऱ्हेची आहे, आणि तुम्ही चौघांना एकदम झेपेल अशी एकच जागा शोधता आहात. तशी जागा नाही. शिवाय ऑश्वित्झ हे प्रागचा किल्ला आणि डॅन्यूबवरची बोट यांच्यामध्ये बसवायचं एक ‘ठिकाण’ म्हणून तुमच्या कागदावर आलं आहे. तिथून सुरुवात केली की पुढचं सगळं अवघड होत जातं.

माझं मत आधीच सांगते. जा. पण चौघांनी एकत्र नको, आणि ऑश्वित्झ सगळ्यात आधी नको.

असं का म्हणते, ते माझ्याच चुकीवरून सांगते. पहिली दोन-तीन वर्षं मी एका कंपनीसाठी काम करायचे. तिच्या कार्यक्रमात सकाळी ऑश्वित्झ आणि त्याच दिवशी दुपारी विएलिच्काची मिठाची खाण असायची. मी तो कार्यक्रम मुकाट राबवला. एका वर्षी बसमध्ये सांगलीचे एक निवृत्त शिक्षक माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, ‘बाई, कसं मारलं ते आज सगळं बघितलं. पण ही माणसं होती कोण? काय खायची, काय गायची, पोरांना काय शिकवायची?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही त्यांना ढीगभर चपला दाखवल्या होत्या, पण त्या चपला घालून माणसं ज्या गल्लीत चालायची, ती गल्ली दाखवली नव्हती. तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी ज्यूंची घरं, सिनेगॉग म्हणजे त्यांची प्रार्थनास्थळं, कबरस्तान, शाळा. छावणी त्यानंतर. आणि छावणीच्या दिवशी दुसरं काहीही नाही.

तुमचा मार्ग या क्रमासाठी फार चांगला आहे, कारण तुमची तिन्ही शहरं या इतिहासात एकमेकांना जोडलेली आहेत. ती जोडणी डोक्यात ठेवून गेलात तर मुलीलाही सगळं समजेल.

सुरुवात प्रागपासून करू. जुन्या चौकाच्या उत्तरेला योसेफोव ही ज्यूंची जुनी वस्ती. तिथलं जुनं-नवं सिनेगॉग १२७० च्या सुमाराचं आहे आणि आजही तिथे प्रार्थना होते. म्हणजे आपल्याकडे देवगिरीवर यादवांचं राज्य होतं, तेव्हापासूनची ती वास्तू. शेजारच्या जुन्या कबरस्तानात जागा वाढवता येईना, म्हणून कबरीवर माती टाकून पुन्हा कबर, असे थर चढत गेले. सुमारे बारा हजार दगड एकमेकांना टेकून, वाकून उभे आहेत. सगळ्यात जुना दगड १४३९ चा. कबरीवर फुलं दिसणार नाहीत, लहान लहान खडे ठेवलेले दिसतील. येऊन गेल्याची ती खूण असते. मुलीला एक खडा ठेवावासा वाटला तर ठेवू द्या, पण तो बाहेरून नेलेला असावा. तिथला कुठला दगड उचलू नका.

कबरस्तानाच्याच तिकिटात पिंकास सिनेगॉग येतं. त्याच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराविया या प्रांतांतल्या, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८ हजार ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. गावाचं नाव, मग आडनाव, नाव, जन्मतारीख आणि शेवटची तारीख. ही शेवटची तारीख नीट बघा. बहुतेक ठिकाणी ती मृत्यूची नाही. माणूस गाडीत चढवला गेला त्या दिवसाची आहे, कारण पुढे त्याचं कधी काय झालं याची नोंदच उरली नाही. ही नावं १९५० च्या दशकात लिहिली, पुढे ओलीमुळे आणि दुरुस्तीच्या नावाखाली ती गेली, आणि १९९० च्या दशकात सगळी पुन्हा लिहिली.

वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या मुलांची चित्रं आहेत. फ्रिडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार स्वतः तिथे कैदी होती आणि मुलांना चित्रकला शिकवायची. १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये तिला ऑश्वित्झला नेऊन मारलं. जाण्याआधी तिने मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवली होती. ती वाचली, म्हणून आज आपण बघतो. फुलपाखरं, पलंग, खिडकी, रांग. खाली मुलाचं नाव आणि वय. मी गटातल्या मुलांना इथे वेळ देते आणि स्वतः काहीही सांगत नाही.

प्रागला एक आनंदाची गोष्टही सांगते, खास सासूबाईंसाठी. आकाशवाणीची सकाळची ती धून त्यांनी आयुष्यभर ऐकली असेल. ती रचणारे वॉल्टर कॉफमन हे ज्यू संगीतकार. कार्लोव्ही व्हारीला जन्मले, बर्लिन आणि प्रागमध्ये शिकले आणि १९३४ मध्ये, हिटलर सत्तेवर आल्यानंतर, मुंबईत आले. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर त्यांनी कितीतरी वर्षं संगीताचं काम केलं. प्रागहून बरीच मंडळी गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी कार्लोव्ही व्हारीला जातात. तुम्हीही गेलात तर तिथे मोबाईलवर ती धून सासूबाईंना ऐकवा. जी माणसं त्या भूमीवरून उखडली गेली, त्यांच्यातला एक धागा आपल्या स्वयंपाकघरातल्या रेडिओपर्यंत आला होता.

आता तेरेझिन. प्रागपासून साधारण ६० किलोमीटर, होलेशोव्हित्से स्थानकाजवळून बस मिळते, तासाभराचा प्रवास. अठराव्या शतकाच्या शेवटी बांधलेलं तटबंदीचं गाव. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी ते ज्यूंना कोंबायला वापरलं. सुमारे १ लाख ४० हजारांहून जास्त लोक तिथून गेले. त्यातले सुमारे ३३ हजार भूक आणि रोगाने तिथेच मेले, आणि ८० हजारांहून जास्त लोकांना पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे पाठवलं. २३ जून १९४४ ला रेडक्रॉसची पाहणी झाली, त्यासाठी रस्ते धुतले, दुकानांचे देखावे उभे केले आणि गर्दी कमी दिसावी म्हणून आधीच हजारो लोकांना ऑश्वित्झला पाठवून दिलं.

तिथे एक चूक सगळे करतात, ती टाळा. नदीपलीकडच्या छोट्या किल्ल्यात दारावर ‘कामाने मुक्ती मिळते’ हे छावण्यांचं कुप्रसिद्ध जर्मन वाक्य रंगवलेलं आहे, म्हणून पर्यटक तिकडेच धावतात आणि फोटो काढून परततात. तो किल्ला गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, तुरुंग होता आणि त्याचाही इतिहास महत्त्वाचा आहे. पण ज्यूंची गोष्ट गावात आहे. घेटो म्हणजे ज्यूंना सक्तीने कोंडलेली वस्ती. घेटो संग्रहालय ज्या इमारतीत आहे, ती आधी शाळा होती आणि घेटोच्या काळात दहा ते पंधरा वर्षांच्या मुलांचं वसतिगृह. तिथली मुलं १९४२ ते १९४४ दर आठवड्याला ‘व्हेदेम’ नावाचं हस्तलिखित काढायची. त्याची सुमारे आठशे पानं उरली आहेत. संपादक होता पेत्र गिन्झ, प्रागचा मुलगा. आला तेव्हा चौदा वर्षांचा, ऑश्वित्झला मारला गेला तेव्हा सोळाचा. चंद्रावरून पृथ्वी कशी दिसेल याचं त्याने काढलेलं चित्र मागे राहिलं. त्याची प्रत इस्रायली अंतराळवीर इलान रामोन २००३ मध्ये कोलंबिया यानातून सोबत घेऊन गेले होते. तुमच्या मुलीला हे सगळं थेट भिडेल असं मला वाटतं. ती याच वयाची आहे.

म्हणून लेकीसाठी माझं उत्तर तेरेझिन. ऑश्वित्झचं संग्रहालय स्वतःच सांगतं की चौदा वर्षांखालच्या मुलांना आणणं आम्हाला योग्य वाटत नाही. बंदी नाही, सल्ला आहे, पण तो अनुभवातून आलेला आहे. माझ्या गटात एकदा बारा वर्षांचा मुलगा होता. ‘त्याला कळायलाच हवं’ म्हणून आईवडिलांनी त्याला आग्रहाने नेलं. मारलेल्या लोकांचे कापलेले केस ठेवले आहेत त्या दालनात तो थांबला आणि पुढचे दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. कळण्याऐवजी तो मिटून गेला. दुसरीकडे पंधरा वर्षांची एक मुलगी वर्षभर वाचून आली होती, तिने गाईडला इतके नेमके प्रश्न विचारले की बाकीचे गप्प होऊन ऐकत राहिले. तर हे मुलावर अवलंबून आहे, आणि तुमची मुलगी तुम्ही ओळखता, मी नाही. पण ‘मी पण येणार’ यात घरातल्या मोठ्यांबरोबर राहायची हौस किती आणि खरी ओढ किती, हे आधी पारखा. मला शंका असते तेव्हा मी थांबायला सांगते. सोळाव्या वर्षी ती पुन्हा जाऊ शकेल.

क्राकोवला दोन दिवस ठेवा. पहिला दिवस चौघांनी काझिमिएशमध्ये घालवा. काही शतकं हा क्राकोवच्या ज्यूंचा भाग होता. युद्धाआधी शहरात साठ हजारांवर ज्यू होते, म्हणजे जवळजवळ दर चार माणसांत एक. रेमू सिनेगॉग सोळाव्या शतकातलं आहे. त्यामागच्या कबरस्तानात मोडक्या दगडांचे तुकडे जोडून एक भिंत उभी केली आहे. मला ती भिंत कुठल्याही संग्रहालयापेक्षा जास्त सांगते. दुपारी नोव्ही चौकात झापिएकांका खा, लांबट पावावर मशरूम आणि चीज घालून भाजतात, शाकाहारी मंडळींची मोठी सोय. मग नदी ओलांडून पोडगुझेला जा. १९४१ च्या मार्चमध्ये ज्यूंना इथल्या घेटोत ढकललं आणि मार्च १९४३ मध्ये घेटो रिकामा केला. चौकात आज लोखंडी रिकाम्या खुर्च्या आहेत, आणि कोपऱ्यावर ‘गरुडाचं औषधाचं दुकान’. तादेउश पांकिएविच हे ज्यू नसलेले पोलिश फार्मसिस्ट घेटोच्या आत दुकान चालवत राहिले आणि लोकांना औषधं, बातम्या, निरोप पोचवत राहिले. ते दुकान आता लहानसं संग्रहालय आहे, सासूबाईंनाही झेपेल. आपल्या ज्यू कामगारांना वाचवणाऱ्या शिंडलर या जर्मन उद्योजकाच्या कारखान्यातलं संग्रहालयही चांगलं आहे, पण ते मोठं आणि गर्दीचं. शिंडलरपेक्षा ते नाझी ताब्यातल्या शहराबद्दल आहे हे लक्षात ठेवून जा.

दुसरा दिवस ऑश्वित्झचा, आणि तो फक्त तुमचा. नवऱ्याला मनापासून यावंसं वाटलं तर दोघांचा, पण मग लेकीपाशी आणि सासूबाईंपाशी कोण थांबणार हे आधी ठरवा. नवऱ्याला ओढून नेऊ नका. नको म्हणणारा माणूस म्हणजे दगडाच्या काळजाचा, असं समजू नका. कधी कधी त्याला स्वतःची हद्द नीट माहीत असते.

ऑश्वित्झ क्राकोवपासून साधारण ६५-७० किलोमीटरवर ओश्विएंचिम गावात आहे. क्राकोवच्या मुख्य रेल्वे स्थानकामागच्या बस स्थानकावरून थेट बस मिळतात, दीड-दोन तास लागतात. प्रवेशासाठी संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर वेळ राखून ठेवावी लागते. मे महिना गर्दीचा. दिवसाच्या मुख्य वेळेत गाईडसोबतच सोडतात, आणि इंग्रजी गटांच्या जागा लवकर भरतात. म्हणून हे बुकिंग तारखा पक्क्या होताच करा. प्रवेशपत्रावर नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं, दारात ते तपासतात. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, लहान पर्सच न्या.

गाईडसोबतची फेरी साडेतीन तासांची असते. त्यात दोन छावण्या येतात. पहिली विटांच्या इमारतींची, १९४० पासूनची. तिथे दालनं, जिने, अरुंद वाटा आणि सतत उभं राहणं. मग तीनेक किलोमीटरवरचं बिर्केनाऊ, तिथे जायला संग्रहालयाचीच मोफत बस असते. बिर्केनाऊ अवाढव्य आहे आणि उघडंबोडकं. सावली नाही, खडीची वाट, वारा. दारापासून उद्ध्वस्त गॅस चेंबरपर्यंत रुळांच्या कडेने जवळजवळ किलोमीटरभर चालायचं आणि तेवढंच परत. सासूबाईंच्या गुडघ्यांना हे नकोच. शिवाय सगळं बोलणं कानातल्या यंत्रातून, इंग्रजीत. तुम्ही शेजारी उभं राहून भाषांतर करायला लागलात तर तुमचंही ऐकणं जाईल.

काय दिसेल ते सगळं मी सांगणार नाही. एवढंच सांगते की सुमारे ११ लाख माणसं तिथे मारली गेली आणि त्यातले सुमारे १० लाख ज्यू होते. बाकीच्यांत पोलिश लोक, रोमा (जिप्सी), सोव्हिएत युद्धकैदी. हा आकडा माणसाच्या डोक्यात मावत नाही. म्हणून मी गटाला तिथे तुम्ही आधी पाहिलेल्या शहरांशी दुवे जोडायला सांगते. बिर्केनाऊत सप्टेंबर १९४३ पासून तेरेझिनहून आणलेल्या कुटुंबांचा एक वेगळा विभाग होता. ८ मार्च १९४४ च्या रात्री त्यातल्या जवळजवळ ३,८०० जणांना गॅस चेंबरमध्ये घातलं. पिंकासच्या भिंतीवरची कितीतरी नावं इथे संपतात. आणि दारातून थेट आत जाणारा जो रूळ प्रत्येक फोटोत दिसतो, तो १९४४ च्या मेमध्ये तयार झाला, हंगेरीच्या ज्यूंना आणण्यासाठी. मे ते जुलै १९४४, आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना हलवलं, बहुतेकांना इथेच. त्या रुळाच्या दुसऱ्या टोकाच्या देशात तुम्ही दोन दिवसांनी उतरणार आहात. अ‍ॅन फ्रँकलाही इथे आणलं होतं, ३ सप्टेंबर १९४४ ला हॉलंडहून निघालेल्या गाडीने. नुकतीच पंधरा पूर्ण झालेली. पुढे तिला बर्गन-बेल्सनला नेलं आणि तिथे ती गेली. मुलीने विचारलंच तर हे तिला सांगता येईल.

वेळ उरला तर परतीच्या बसआधी ओश्विएंचिम गावात जा. युद्धाआधी या गावात निम्म्याहून जास्त वस्ती ज्यूंची होती. उरलेलं एकमेव सिनेगॉग आता छोट्या संग्रहालयाचा भाग आहे. तिथे तासभर बसलं की छावणीच्या नावाआधी इथे एक गाव होतं, हे जाणवतं. संध्याकाळ मोकळी ठेवा. कार्यक्रम नको, खरेदी नको. मुलीला तुमच्याशी बोलायचं असेल, तेव्हा तुमच्यात बोलण्याचं बळ असायला हवं.

बुडापेस्टबद्दल थोडक्यात. दोहानी रस्त्यावरचं सिनेगॉग १८५९ चं, युरोपातलं सगळ्यात मोठं, साधारण तीन हजार माणसं बसतील एवढं. अंगणात कबरी आहेत. सिनेगॉगच्या आवारात सहसा दफन करत नाहीत, पण १९४४-४५ च्या हिवाळ्यात घेटोत मेलेल्यांना न्यायला दुसरी जागाच नव्हती. मग संध्याकाळी डॅन्यूबच्या काठावर, संसदेच्या थोडं दक्षिणेला, लोखंडी बुटांचे साठ जोड आहेत, २००५ मध्ये बसवलेले. हंगेरीच्याच ॲरो क्रॉस या फॅसिस्ट संघटनेने लोकांना काठावर उभं करून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या. प्रेतं नदीत गेली. इथे चौघंही या. ही जागा उघडी आहे, कुणालाही झेपते, आणि त्यात लहान मुलांचे बूटही आहेत.

सुट्टीचे वार सांभाळा. शनिवारी ज्यूंचा सब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, त्यामुळे प्रागचं ज्यू संग्रहालय, दोहानी सिनेगॉग, काझिमिएशची बरीचशी सिनेगॉगं त्या दिवशी बंद, आणि शुक्रवारी लवकर आवरतात. आपल्याला हे नवीन नाही. कोकणातल्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मंडळींना ‘शनवार तेली’ म्हणत ते याचसाठी, की ते शनिवारी घाणा बंद ठेवायचे. ज्यू सणांच्या दिवशीही बंद असतं, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्यांची दिनदर्शिका बघा. आत पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, टोपी दारात मिळते. खांदे उघडे नकोत.

वागण्याबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. फोटो काढायला बहुतेक ठिकाणी परवानगी आहे, ऑश्वित्झमध्ये केसांच्या दालनात आणि अकराव्या इमारतीच्या तळघरात नाही. पण स्वतःला मध्ये उभं करून हसरा फोटो नको. रुळांवर तोल सांभाळत काढलेल्या फोटोंबद्दल संग्रहालयाने २०१९ मध्ये जाहीर विनंती केली होती. घरी व्हिडिओ कॉल लावून ‘हे बघा’ करू नका. हे मी आपल्या मंडळींत वारंवार पाहिलं आहे, हेतू वाईट नसतो, पण शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे आजी-आजोबा तिथे गेलेले असू शकतात. दशम्या, चिवडा जे असेल ते बसमध्ये खा. आणि ‘पोलिश छावण्या’ असं बोलू नका, पोलंडच्या माणसाला ते फार लागतं. छावण्या जर्मन नाझींच्या होत्या, पोलंड त्यांच्या ताब्यात होता.

आणखी एक, जे आपल्या घरांतच सांगावं लागतं. गळ्यातलं पदक, पर्सवरची नक्षी, हातावरची मेंदी यांत स्वस्तिक असेल तर ते या सहलीत टाळा. आपला स्वस्तिक वेगळा आणि फार जुना, हे मला माहीत आहे. पण छावणीतून वाचलेल्या माणसाच्या नातवाला तिथे उभं राहून ते समजावत बसायचं नाही. तसंच, हिटलर ‘निदान शिस्तीचा तरी होता’ हे वाक्य माझ्या जवळजवळ प्रत्येक गटात कुणीतरी उच्चारतं. ते कौतुक आपल्याकडे फार सहज बोललं जातं. मी त्यांना बिर्केनाऊच्या रुळांपाशी नेते आणि सांगते की त्या शिस्तीचं वेळापत्रक इथे येऊन थांबायचं. मुलीच्या कानावर हे वाक्य कुठे पडलं असेल, तर निघण्याआधी तिच्याशी बोला.

निघण्याआधी आणखी एक करा. मुंबईत काळाघोड्याजवळचं निळं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग १८८४ चं आहे. अलिबागला इस्रायल आळीतलं सिनेगॉग आहे, पुण्यात ‘लाल देऊळ’ म्हणतात ते सिनेगॉग. ओळखपत्र जवळ ठेवा, जाण्याआधी परवानगी विचारा आणि मुलीला एकदा आत नेऊन आणा. तिथला जिवंत दिवा पाहिला की प्रागच्या भिंतीवरची नावं तिला परकी राहणार नाहीत.

राहिल्या सासूबाई. त्या काही म्हणाल्या नाहीत, असं तुम्ही लिहिलं आहे. त्यांना समोर बसून विचारा. माझ्या गटात एकदा साताऱ्याच्या एक आजी होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. पिंकासच्या भिंतीसमोर मी त्यांना त्या शेवटच्या तारखांबद्दल सांगितलं, की ही मरणाची तिथी नाही, ती कुणालाच माहीत नाही. त्या बराच वेळ भिंतीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग यांचं श्राद्ध कधी करतात?’ मला तेव्हा सांगता आलं नाही, नंतर मी विचारून घेतलं. ज्यूंमध्ये मृताच्या वार्षिक तिथीला दिवा लावतात आणि कद्दीश ही प्रार्थना म्हणतात. ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांच्यासाठी इस्रायलच्या मुख्य रब्बींनी ज्यू पंचांगातल्या तेवेत महिन्याची दहावी तिथी ठरवून दिली आहे. आजींना मी फोन करून हे कळवलं. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे आपल्या सर्वपित्रीसारखं.’

सासूबाईंना पिंकासला न्याल तेव्हा सकाळी उघडल्या उघडल्या जा. दहानंतर गर्दी होते आणि मागचे लोक पुढे सरकायला लावतात.